प्रलंबित : चाळीस दिवस

सकाळी नऊला संगणक उघडला आणि यादीतली पहिलीच ओळ समोर आली. बालवाडीमागची भिंत, शीट चौदा, चौथी पायरी, प्रलंबित, ल्युबेन तासेव्ह, चाळीस दिवस. काल तिथे एकोणचाळीस होतं, परवा अडतीस. आकडा रोज एकाने वाढतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ही यादी रोज सकाळी पाहायची हीच माझी नोकरी. तरी चाळीस वाचलं आणि हातातला कप हेलकावला, थोडी कॉफी कळफलकावर सांडली. माणूस गेला की चाळीस दिवस तो घराच्या आसपासच असतो असं आमच्याकडे म्हणतात. चाळिसाव्या दिवशी गहू शिजवून वाटायचे, मग तो मार्गाला लागतो. यंत्राला यातलं काय कळणार. पण शीट चौदा बाते ल्युबेनकडे मंजुरीसाठी गेलं त्याच दिवशी दुपारी ते बसस्टॉपवर कोसळले, त्यामुळे त्यांच्या बायकोने आणि आमच्या सॉफ्टवेअरने एकाच दिवसापासून दिवस मोजायला घेतले होते. मी रुमाल ओला करून आणला आणि कळफलकाची एकेक कळ पुसत बसले.

ऑफिसच्या दारावर त्यांचं चाळिसाव्या दिवसाचं शोकपत्रक मी कालच चिकटवलं होतं. फोटो, जन्मसाल, खाली दोन ओळी. तेही मीच छापलं. आमचा प्रकल्पप्रमुख ओग्न्यान याने त्यातला फोटो दोनदा बदलायला लावला, म्हणून त्या फाइलचं नाव 'तासेव्ह, चाळीस, आवृत्ती तीन' असं झालं. या इमारतीत मरणाचीसुद्धा आवृत्ती निघते. दारातून आत येताना मी त्या कागदाकडे बघत नाही, खालच्या पायपुसण्याकडे बघते. पण फोटोतला माणूस चष्म्याच्या वरून बघतो आहे हे न बघताही कळतं, कारण ते जिवंतपणीही तसेच बघायचे. वयाने मोठ्या, आपल्यातल्याच माणसाला आम्ही 'बाते' म्हणतो, थोरल्या भावाला म्हणावं तसं. पंधरा वर्षं मी त्यांना बाते म्हणाले. त्यांच्या खुर्चीची आणि माझ्या खुर्चीची पाठ एकमेकींकडे होती. खुर्ची मागे सरकवली की त्यांची पाठ माझ्या पाठीला लागायची आणि आम्ही दोघंही एकदम 'माफ करा' म्हणायचो. अजूनही मी खुर्ची सरकवताना थांबते.

आमच्याकडे ड्रॉइंग तयार झालं की साखळीत टाकतात; एका भिंतीची सगळी शीटं एकाच साखळीत. पहिली पायरी वास्तुशिल्पी, दुसरी मोजणीवाला, तिसरी मातीचा तज्ज्ञ, चौथी बांधकाम तपासनीस. चौघांनी 'मंजूर' दाबलं की काम साइटवर जातं. बाते ल्युबेन चौथे. चार वर्षांपूर्वी हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यांनी एकदाच पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झ्लाटे, मी भिंती तपासतो. बटणं तू तपास." झ्लाटिनाचं सगळ्यांच्या तोंडी झ्लाटे झालं होतं. त्यांनी एका चिठ्ठीवर आपला पासवर्ड लिहिला आणि माझ्या कळफलकाखाली सरकवला. तेव्हापासून रीत पडली ती पडलीच. मी शीट कागदावर छापून त्यांच्या ट्रेमध्ये ठेवायचे. ते दोन पेन्सिली घेऊन बसायचे, एक लाल, एक हिरवी. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण आली की मी त्यांच्या नावाने आत जायचे आणि मंजूर दाबायचे. लाल आली की परत पाठवायचे. नियमात हे कुठेच बसत नव्हतं आणि ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. नोंदीत 'ल. तासेव्ह यांनी मंजूर केले' असं जिथे जिथे लिहिलं आहे, तिथे तिथे बोट माझं आहे. शंभरदा, दोनशेदा, मी कधी मोजलं नाही. आणि त्यातल्या एका खेपेला खूणसुद्धा माझीच आहे.

ते मला विसरता येत नाही, आणि चाळीस दिवसांपासून तर त्याच्याशिवाय दुसरं काही आठवतच नाही. मार्चमधला शुक्रवार. बाते ल्युबेन सकाळीच गावी गेले होते, द्राक्षवेलींची छाटणी उरली होती म्हणून. त्यांच्या गावात फोन लागत नाही. लागला तरी ते उचलत नसत. त्याच भिंतीचं शीट अकरा त्यांच्या ट्रेमध्ये पडलं होतं. भिंतीच्या मागे साचणारं पाणी बाहेर काढायच्या पाइपांचं शीट. पावणेपाचला साइटवरून ओग्न्यानचा फोन. अकरा आज गेलं नाही तर पालिका पुढचा महिना देते, झ्लाटे, बघ काहीतरी. मी ट्रेमधला कागद उचलला. हिरवी खूण नव्हती. पण लालही नव्हती, आणि ह्या 'पण'वर मी लोंबकळले. त्यांनी पाहिलं असणार. पाहिलं नसतं तर ट्रेमध्ये वर कशाला असतं. आजवर ओग्न्यानच्या शीटांत त्यांनी कधी लाल मारली आहे का फारशी. अशी कारणं शुक्रवारी संध्याकाळी आपसूक सुचतात, सोमवारी एकही टिकत नाही. मी त्यांच्या नावाने आत गेले, मंजूर दाबलं. चार बावन्न झाले होते. मग कागदाचा कोपरा कोराच राहिला म्हणून त्यांच्या डब्यातली हिरवी पेन्सिल घेतली आणि त्यांच्यासारखी खूण केली, शेपूट वर ओढून. सहज जमली. इतकी वर्षं रोज बघत होते.

सोमवारी ते आले, बोटांना वेलींचे ओरखडे. कोट काढता काढता म्हणाले, "अकरा गेलं म्हणे?"

"गेलं, बाते."

"मी खूण केली होती?"

"केली असेल की. त्याशिवाय कसं जाईल?"

इतकंच मी म्हणाले. ते ट्रेकडे गेले, कागद काढला, खूण पाहिली. बराच वेळ पाहिली. मी पाठमोरी बसून काहीतरी टाइप करत होते; काय टाइप करत होते देव जाणे. त्यांनी कागद पुन्हा ट्रेमध्ये ठेवला आणि कपाळावरून हात फिरवला. माझी पाठ त्यांच्याकडे असताना हे मला कसं दिसलं असं कोणी विचारेल. समोरच्या खिडकीच्या काचेत दिसलं. त्यानंतर दीड महिना ते होते. रोज मी त्यांना कॉफी आणून दिली, रोज ठरवलं की आज सांगायचं, आणि रोज वाटलं, कशाला आता, शीट बरोबरच असेल, झाकली मूठ सव्वा लाखाची. एप्रिलच्या अखेरीला ते गेले. सरणावर काही आम्ही जाळत नाही, पुरतो. तेव्हा मूठ त्यांच्याबरोबर मातीत गेली असं समजायलाही हरकत नव्हती. पण रोज सकाळी यादीत त्यांचं नाव यायचं.

दहाला ओग्न्यान माझ्या टेबलाशी आला. माणूस वाईट नाही तो. अंत्ययात्रेत शवपेटीचं एक टोक त्याच्याच खांद्यावर होतं. आज गालावर दाढीचं ब्लेड लागलेलं आणि हातात चीज भरलेल्या बनित्साचा तुकडा.

"झ्लाटे, चौदाची ती पायरी आज रद्द कर. फक्त ती एकच पायरी हं. सबंध साखळी नको."

"आज चाळिसावा आहे त्यांचा."

"माहितीय. म्हणून तर थांबलो होतो ना. आता थांबून काय करायचं, ते येणार आहेत का मंजूर करायला?" बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. "पायरी रद्द कर, त्यांच्या जागी सोफियाच्या माणसाचं नाव टाक. तो जेवणाआधी करून देतो. सोमवारी काँक्रीट आहे. पंधरा सप्टेंबरला पोरं येतील बालवाडीत."

"आणि अकरा?"

"अकराचं काय? अकरा तर त्यांनीच पास केलंय. ते राहू दे जसंच्या तसं. सबंध साखळी रद्द केलीस तर अकरावरच्याही चौघांच्या सह्या उडतील, पहिल्यापासून सुरुवात. माझा जीव घेशील तू."

सोफियाचा माणूस म्हणजे राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारा. आमच्या टर्नोवोतली टेकडी त्याने चित्रात पाहिली असेल. मी मान हलवली आणि ओग्न्यान बनित्सा संपवत आपल्या काचेच्या खोलीत गेला. मी पडद्यावर ती खिडकी उघडली. 'पायरी रद्द करा' आणि त्याखाली 'साखळी रद्द करा'. कारण निवडा : चुकून पाठवले, नवी आवृत्ती आली, मंजूर करणारी व्यक्ती उपलब्ध नाही, इतर. उपलब्ध नाही. मी त्यावर बाण नेला आणि तिथेच ठेवला. आपण रद्द दाबलं की साखळीतल्या प्रत्येकाला पत्र जातं, ज्याची पायरी असते त्यालाही. ल्युबेन तासेव्ह यांनाही जाणार होतं. त्यांचं नाव काढून टाकायचं काम संगणकखात्याने मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं आणि मी केलं नव्हतं. का केलं नाही? त्यांच्यावर माया म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर भीती म्हणून. नाव पुसलं की मला ओळखणारं कोणीच उरणार नाही असं काहीतरी वाटायचं. मी केलेली खूण पाहिलेला एकच माणूस, आणि त्यालाही त्यातलं खोटं दिसलं नव्हतं. खिडकीतून लिंडेनच्या फुलांचा वास येत होता, दरवर्षी जूनमध्ये येतो तसा. बाते ल्युबेन त्या वासाने शिंकायचे. मी वाट पाहिली. कोणी शिंकलं नाही.

अकराला रायनावहिनी आल्या. बाते म्हणजे भाऊ, तेव्हा त्यांची बायको ती वहिनी. काळा पोशाख, हातात दोन पिशव्या. एकीत शिजवलेले गहू, साखर आणि कुटलेला अक्रोड घातलेले, प्लास्टिकच्या छोट्या पेल्यांत भरून, वर झाकण, प्रत्येकावर एक चमचा. त्यांनी सगळ्या टेबलांवर एकेक ठेवला. घेणारा म्हणतो, 'देव त्यांना क्षमा करो,' आणि पहिला घास घेतो. ओग्न्यानही बाहेर येऊन उभ्याउभ्या म्हणाला. मी पेला घेतला, चमचा काढला, पण शब्द काही तोंडातून फुटेनात. कोणी कोणाला क्षमा करायची, हा हिशेब माझ्या टेबलावर उलटा होता.

वहिनी बाते ल्युबेनच्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड केलं.

"तुझं काम खोळंबलं असेल."

"नाही हो. बसा."

"एक विचारायचं होतं. त्यांच्या फोनवर रोज नऊला एक निरोप येतो. तुमच्या ऑफिसातून." त्यांनी पर्समधून बातेंचा जुना फोन काढून मांडीवर ठेवला. "तुमच्या मंजुरीची वाट पाहत आहे, असं असतं म्हणे. शेजारच्या मुलीने वाचून दाखवलं. ती म्हणाली बंद करून देते, मी म्हटलं राहू दे. रोज रात्री फोन चार्जिंगला लावते. सकाळी वाजला की वाटतं, अजून कोणीतरी त्यांची वाट बघतंय. वेडेपणाच आहे."

"वेडेपणा कसला, वहिनी."

"ते मात्र घाबरले होते गं वेडाला." त्यांनी डोक्यावरच्या काळ्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुला सांगते, कोणाला बोलू नकोस. मार्चपासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एके दिवशी घरी आले आणि म्हणाले, रायना, मी एका कागदावर खूण केलीय आणि मला ती आठवत नाही. पेन्सिल माझी, खूण माझी, पण मी केली नाही. मी म्हटलं, वय झालं, विसरला असाल. मीच म्हटलं बघ. तेव्हापासून त्यांनी एक वही केली. गॅस बंद केला की लिहायचे. दाराला कुलूप लावलं की लिहायचे. माझा वाढदिवस लिहून ठेवला, बेचाळीस वर्षं संसार करून. एकदा रात्रभर बसून आजवर तपासलेल्या सगळ्या पुलांची नावं लिहिली, आठवतात का बघायला."

मी हातातला चमचा टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी ते डॉक्टरकडेच निघाले होते. स्मरणशक्ती तपासतात ते. मला बरोबर येऊ दिलं नाही. म्हणाले, काय सांगतील ते मी एकटा ऐकेन. बसस्टॉपपर्यंतच पोचले." त्यांनी दुसरी पिशवी पुढे केली. "ही त्यांच्या हातात होती. चाळीस होईपर्यंत मी उघडली नाही, काल उघडली. आत तुमचा कागद आहे, मला त्यातलं कळत नाही. तुझ्यासाठीच असेल."

शीट चौदा. चार घड्या घातलेलं. उजव्या कोपऱ्यात लाल खूण आणि खाली त्यांचं ते बुटकं अक्षर : 'ही भिंत उभी राहणार नाही. मागचं पाणी कुठून जाणार? शीट ११ वर पाइप चार आहेत, नऊ हवेत. ११ मी मंजूर केलं आहे. कसं केलं ते आठवत नाही. चूक माझी.' शेवटचे दोन शब्द त्यांनी दोनदा गिरवले होते. मी ते वाचले, पुन्हा वाचले, आणि मला स्वतःची फार घृणा वाटली. त्या मार्चमधल्या सोमवारी मी एक वाक्य बोलले होते. केली असेल की. तेवढ्या वाक्यावर ह्या माणसाने आपलं डोकं तपासायला काढलं, गॅसची कळ लिहून ठेवायला लागला, आणि आपण वेडे होतोय का हे विचारायला जाताना बसस्टॉपवर मेला. मी त्याला रोज कॉफी आणून देत होते.

आणि इतकं होऊनही, खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा. आता सोपं होतं सगळं. कागद ओग्न्यानला दाखवायचा, सबंध साखळी रद्द करायची, कारण लिहायचं 'तपासनीसाचा आक्षेप'. पाइप नऊ होतील, भिंत नीट होईल, बालवाडीतल्या पोरांना काही होणार नाही. कोणाचंच नुकसान नाही. चूक तर त्यांनी स्वतःच्या अक्षरात स्वतःवर घेतली होती, गिरवून. मेलेल्या माणसाला त्याचं काय ओझं. मी 'साखळी रद्द करा' दाबलं, 'इतर' निवडलं आणि चौकटीत लिहिलंही : तपासनीसाचा आक्षेप. ते तीन क्षण पडद्यावर होतं. वहिनी समोर बसून त्या फोनच्या काचेवरची धूळ अंगठ्याने पुसत होत्या. ह्या बाई आता घरी जातील, ती वही कपाटात ठेवतील, आणि आपला नवरा शेवटी विसरभोळा झाला होता, असं मरेपर्यंत समजून चालतील. मीच म्हटलं बघ, असं स्वतःला सांगत राहतील.

मी लिहिलेलं पुसलं. मग लिहिलं. दोनदा चुकलं, दोनदा सुधारलं. पाठवा दाबलं.

यादीतली पहिली ओळ गेली. काचेच्या खोलीत ओग्न्यानचा फोन वाजला. आणि वहिनींच्या मांडीवरचा फोनही वाजला, घशात काही अडकल्यासारखा, दोनदा.

"आता कसा वाजला?" त्या म्हणाल्या. "नऊला वाजून गेला होता." त्यांनी फोन दूर धरला, डोळे बारीक केले. "चष्मा घरी राहिला. वाच गं, काय म्हणतोय."

मी फोन हातात घेतला. गरम होता, त्यांच्या मांडीच्या उबेने. काचेच्या खोलीत ओग्न्यान उभा राहिला होता, पण बाहेर येत नव्हता.

"ल्युबेन तासेव्ह," मी वाचलं, "आता तुमच्या मंजुरीची गरज उरलेली नाही."

वहिनींनी मान खाली घातली. "कारण लिहिलंय?"

"लिहिलंय."

"मग वाच की."

"शीट अकराची मंजुरी तासेव्ह यांनी दिलेली नाही. त्यांच्या नावाने ती मी दिली. कागदावरची हिरवी खूणही मी केली आणि त्यांना खोटं सांगितलं. त्यांना विसर पडलेला नव्हता. त्यांचा आक्षेप बरोबर आहे, पाइप नऊ हवेत. झ्लाटिना."

मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो लगेच घेतला नाही. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, उजव्या.

"म्हणजे हात त्यांचा नव्हताच," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

"ते खरं सांगत होते."

"हो, वहिनी."

"आणि तू इथे बसली होतीस. त्यांच्या पाठीला पाठ लावून."

मी हो म्हणाले की नाही ते मला आठवत नाही. त्या उठल्या. फोन पर्समध्ये ठेवला, शीट चौदा माझ्या टेबलावर नीट सरळ करून ठेवलं, त्याच्या घड्या हाताने दाबल्या. मग माझ्यासमोरचा गव्हाचा पेला उचलला, झाकण घट्ट बसलं आहे का पाहिलं आणि पिशवीत घातला.

"दुपारी कबरीवर जातेय," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगते."

दार उघडलं, मिटलं. चमचा तेवढा टेबलावर राहिला होता.